पांढरी काडी, एक नग

नोकरीत लिहिलेल्या बहुतेक केसेस आता कोणी नंबर सांगितल्याशिवाय मला आठवत नाहीत. या केसला नंबर लागत नाही. तशी ती अगदी किरकोळ. कोणी मेलं नाही, कोणाला बेड्या पडल्या नाहीत. एका बंदुकीत दोन काडतुसं जास्त मावत होती, एवढाच गुन्हा. पण त्या सकाळी मी एक खोटा कबुलीजबाब खरा समजून लिहून घेत होते. तो पुरा झाला असता तर एका सरळ माणसाच्या कागदपत्रांवर कायमचा डाग पडला असता आणि मला त्याचा पत्ताही लागला नसता. तसं झालं नाही, ते दोन म्हाताऱ्यांमुळे. त्यांचे आभार नीट मानायचे राहून गेले होते. ते इथे मानते.

मी मूळची साताऱ्याची. प्राणिशास्त्र शिकायला पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी आले, लग्नानंतर ॲरिझोनात आले, आणि नागरिकत्व मिळाल्यावर इथल्या वन्यजीव खात्यात अधिकारी झाले. आपल्याकडे वनरक्षक म्हटलं की जंगल डोळ्यांसमोर येतं. इथलं आमचं काम बरंचसं पोलिसांचं. गणवेश, पिस्तूल, छातीवर कॅमेरा, अटकेचे अधिकार. फरक इतकाच, की आमच्या समोरचा जवळजवळ प्रत्येक माणूस हातात भरलेली बंदूक घेऊन उभा असतो, आणि तेही कायदेशीर असतं. त्यामुळे आम्ही आवाज चढवत नाही. हळू चालतो, दोन्ही हात दिसतील असे ठेवतो आणि आधी हवापाण्याचं बोलतो.

आमच्या भागात होल्यांची, म्हणजे कबुतराच्या जातीतल्या लहान पक्ष्यांची, शिकार चालते. तिचा एक साधा नियम आहे. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवर छर्ऱ्याची बंदूक चालवायची असेल तर तिच्यात एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. एक नळीत, दोन खालच्या मॅगझिनमध्ये. बंदुका कारखान्यातून पाच काडतुसांच्या येतात. म्हणून मॅगझिनच्या नळीत, स्प्रिंगच्या आत, एक काडी घालतात. लाकडाची किंवा प्लास्टिकची, वीतभर. तिला प्लग म्हणतात. ती अखंड हवी, आणि बंदूक खोलल्याशिवाय निघता कामा नये. माणूस तीन वेळा उडवतो, मग त्याला थांबून भरावं लागतं, तेवढ्यात उरलेला थवा निघून जातो. सगळा कायदा त्या तेवढ्या वेळासाठी आहे.

माझा गस्तीवरचा जोडीदार तेव्हा निवृत्तीला आलेला होता. गुरं पाळणाऱ्या घरातला, कमी बोलणारा. मी शिकलेली म्हणून मला ‘प्रोफेसर’ म्हणायचा. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्याच महिन्यात त्याने मला शेताकडे पाठ करून उभं केलं होतं. ‘डोळे फसवतात,’ म्हणाला. ‘पाठ कर आणि मोज. एक, दोन, तीन, मग थांबला पाहिजे. चौथा ऐकू आला की चालायला लाग.’

ती थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ होती. सुट्टी असल्याने शेतांवर गर्दी. आठच्या सुमारास आमच्या टिप लाइनवर, म्हणजे लोकांनी खबर द्यायच्या नंबरवर, फोन आला. चँडलर शहराच्या दक्षिणेला एका डेअरीवाल्या बाईंचा. ‘माझ्या पूर्वेच्या कालव्यावर कोणीतरी तीनवर थांबत नाहीये,’ त्या म्हणाल्या. ‘मी मोजायला बसले नाहीये, मला गाई आहेत. पण इतकी वर्षं ऐकल्यावर कानाला कळतं.’

अशा बायकांच्या टिपा मी कधी हलक्या घेतल्या नाहीत. रागाने केलेल्या फोनमध्ये माणसाचं वर्णन असतं. खऱ्या फोनमध्ये जागेचं असतं.

आम्ही लसूणघासाच्या शेताकडेला गाडी उभी केली. मी पाठ केली. थोड्या वेळाने होल्यांचा थवा वरून गेला. एक. दोन. तीन. चार. जोडीदाराने नुसती मान हलवली आणि आम्ही चालू लागलो.

कालव्याच्या बांधावर एकटा माणूस होता. चाळिशीचा, चष्मा, नारिंगी टोपी, पायात अगदी स्वच्छ बूट. मी ओळख सांगितली, बंदूक उघडून त्याच्याच गाडीच्या मागच्या फळीवर ठेवायला सांगितली. त्याने सगळं नीट केलं. मग माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि त्याचा चेहरा खुलला.

‘ताई, तुम्ही मराठी?’

‘सर, इंग्रजीत बोला,’ मी इंग्रजीतच म्हटलं. ‘माझ्या जोडीदाराला कळलं पाहिजे.’

खुललेला चेहरा मिटला. यात नियमाचा भाग होता, पण सगळा नव्हता, हे आज मान्य करते. आपला माणूस समोर आला की मी जरा जास्तच ताठ व्हायची. कोणी म्हणू नये, की हिने ओळखीने सोडलं. त्या नादात कधी कधी परक्याला दिला असता तेवढाही वेळ मी आपल्या माणसाला देत नसे.

त्याचा परवाना बरोबर होता. पिशवीत चार होले, मर्यादेच्या कितीतरी आत. तो नागपूरकडचा, चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. सहकाऱ्यांनी शिकारीची सवय लावली, हा त्याचा तिसरा हंगाम.

‘प्लग आहे?’

‘आहे नं. सप्टेंबरमध्ये बहुतेक ह्यांनीच चेक केला. इथेच.’

जोडीदाराने खिशातली वही काढून पानं उलटली. तोच परवाना नंबर, तीच बंदूक, पुढे ‘ठीक’. त्याच्याच अक्षरात.

मी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली आणि खालून मॅगझिनमध्ये एक काडतूस सारलं. दुसरं सारलं. तिसरं सारलं, तेही सहज आत गेलं. मग चौथंही. चारही परत बाहेर काढून ठेवली.

तो माझ्या बोटांकडे पाहत राहिला. ‘हे शक्य नाही,’ म्हणाला.

‘आत्ता तुम्ही चार उडवलेत. कळलं नाही?’

‘मॅम, मी मोजत नाही. आत जाईल तोवर भरतो. जात नाही म्हणजे झालं.’ मग घाईने पुढे म्हणाला, ‘पुढच्या महिन्यात माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे. फॉर्मवर विचारतात, कधी चलान झालंय का. वॉर्निंग देता आली तर प्लीज बघा. मी मुद्दाम नाही केलं हो.’

प्रत्येक जण हेच म्हणतो. मी पुढचा ठरलेला प्रश्न विचारला. ‘सप्टेंबरनंतर ही बंदूक कोणी हाताळली?’

‘कोणीच नाही. सेफमध्ये असते.’

‘किल्ली कोणाकडे?’

‘माझ्याकडे. दसऱ्याला फक्त मी...’ तो मध्येच थांबला. त्याने कालव्याच्या पाण्याकडे पाहिलं. आपल्याला काहीतरी आठवलं आहे आणि ते आठवायला नको होतं, असं माणसाच्या मानेवरून कळतं. मान आधी ताठ होते. तो वळला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता.

‘मीच काढला प्लग. मुद्दाम. जास्त पक्षी मिळावेत म्हणून. लिहून घ्या, मी साइन करतो.’

मी पॅड काढलं. कबुलीजबाब मिळाला की अधिकाऱ्याला बरं वाटतं, हे कोणी लिहीत नाही पण खरं आहे. सकाळचं काम संपल्यासारखं वाटतं. मी तीन ओळी लिहिल्या. त्यातली तिसरी अशी, की सदर इसमाने नियम माहीत असताना हेतुपुरस्सर प्लग काढला. अनवधानाने झालेली चूक आणि हेतुपुरस्सर केलेला गुन्हा यांत कोर्टाच्या लेखी फरक असतो, आणि नागरिकत्वाचा फॉर्म तपासणाऱ्याच्या लेखी तर फार मोठा असतो. त्याला ते माहीत होतं. मिनिटाभरापूर्वी तोच त्यासाठी विनंती करत होता.

जोडीदार त्याच गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता. ‘प्रोफेसर,’ तो म्हणाला, ‘त्याला स्प्रिंगबद्दल विचार.’

मी पेन खाली केलं. ‘प्लग कसा काढलात?’

‘काढला. पुढचं टोपण फिरवून.’

‘दाखवा.’

त्याने मॅगझिनच्या टोकाचं टोपण धरून फिरवायचा प्रयत्न केला. फिरेना. कोणीतरी चांगल्या मजबूत हाताने आवळलेलं होतं. रुमाल गुंडाळून, दात खाऊन त्याने ते एकदाचं फिरवलं, आणि टोपण निघताक्षणी हातभर स्प्रिंग उसळून त्याच्या चष्म्याला लागून शेतात पडली. तो दचकून मागे सरला.

प्लग एकदा जरी काढलेला माणूस दुसऱ्यांदा टोपणावर अंगठा दाबून धरतो. स्प्रिंग उडते हे विसरता येत नाही.

‘लाकडाचा होता की प्लास्टिकचा?’ मी विचारलं.

‘लाकडाचा.’

‘नक्की?’

तो चष्मा पुसू लागला.

जोडीदार स्प्रिंग उचलून आणायला गेला. मी बंदूक हातात घेऊन पहिल्यांदा नीट पाहिली. ती फार स्वच्छ होती. हौशी शिकारी नळीत एक चिंधी फिरवतो आणि वरून तेल फवारतो. इथे एकेक खाच कोरून साफ केलेली, तेलाचा थर पातळ आणि सगळीकडे सारखा. हे हौशी हाताचं काम नव्हतं. दस्त्याजवळच्या एका स्क्रूच्या खाचेत तेवढं तांबडं काहीतरी राहिलं होतं.

‘रक्त?’ परत आलेल्या जोडीदाराने विचारलं.

मी नखाने थोडं काढलं. तांबड्याच्या खाली पिवळं होतं. रक्ताच्या खाली हळद नसते.

दसऱ्याला फक्त मी, असं म्हणून तो थांबला होता. मी त्या सकाळचं पहिलं मराठी वाक्य बोलले. ‘खंडेनवमीला बंदूक कोणी पुसली?’

तो बांधावर बसलाच. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ‘बाबांना यात आणू नका, ताई,’ म्हणाला. ‘मी सही करतो म्हटलं नं. संपवा.’

मग त्याने सांगितलं. वडील सहा महिन्यांसाठी आलेले. पर्यटक व्हिसावर. विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात शस्त्रागारात आर्मरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे. सगळी नोकरी त्यातच गेली. खंडेनवमीला घरातली अवजारं मांडायची म्हणाले. ‘मी लॅपटॉप मांडला, बायकोने मिक्सर मांडला. बाबा म्हणाले, घरात शस्त्र असताना मिक्सरची पूजा? म्हणून सेफमधून काढून टेबलावर ठेवली. तेवढ्यात मला मीटिंग आली. बाजूच्या खोलीत गेलो. बाहेर आलो तर पूजा झाली होती.’

पर्यटक व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगणं हा इथे केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. हे त्याने इंटरनेटवर वाचलेलं. बाळगणं म्हणजे काय आणि पुसणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं, की म्हाताऱ्या बापाला विमानतळावर थांबवतील. आपलं नागरिकत्व गेलं तर गेलं, असा हिशेब त्याने त्या बांधावर अर्ध्या मिनिटात केला होता.

मी जोडीदाराला सगळं इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, ‘तू लिहिलेलं ते पान रद्द कर. फाडू नकोस. रेघ मार, वेळ टाक, सही कर.’

मी तसं केलं. वरिष्ठांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, घरी जायला त्याची संमती असेल तर जा, कॅमेरा चालू ठेव, मराठी बोलणं जसंच्या तसं रेकॉर्ड होऊ दे, भाषांतर दुसऱ्याकडून करून घेऊ. तू साक्षीदार आहेस, दुभाषी होऊ नकोस. सूचना योग्य होती. इंजिनियरने संमती दिली, पण चेहऱ्यावरून वाटत होतं की आम्हीच त्याला पुढे घालून नेतो आहोत.

चँडलरमधलं नेहमीसारखं टाउनहाउस. दार सुनेने उघडलं, हाताला कणीक. तिच्या मागे सत्तरीचे गृहस्थ उभे होते. पांढरा लेंगा, वर अमेरिकन टी-शर्ट. आमचे गणवेश दिसताच त्यांची पाठ आपोआप सरळ झाली.

‘या मॅडम. साहेबांनाही घ्या आत. पाणी आण नं बापा कोणी.’

मी त्यांना आधी समजावून सांगितलं, की तुम्हाला काही बोलायची सक्ती नाही. जे बोलाल ते नोंदलं जाईल.

ते हसले. ‘हे मी लोकांना सांगताना फार ऐकलं आहे. मला कोणी पहिल्यांदाच सांगतंय. विचारा.’

‘बाबा, तुम्ही गप्प बसा,’ मुलगा म्हणाला. ‘मी लॉयरशी बोलतो आधी.’

‘वकील कशाला? झालं काय?’

मी विचारलं, ‘खंडेनवमीला या बंदुकीतून तुम्ही काही काढलंत?’

‘काढलं नं. मॅगझिनच्या नळीत कचरा होता. प्लास्टिकची काडी. दुकानदाराने पॅकिंगची तशीच आत सोडली असणार. स्प्रिंग निम्मीच दबत होती हो. चार काडतुसांची नळी आणि दोनच जातात, ही काय बंदूक झाली? पोरगा दोन वर्षं अशीच वापरतोय, त्याला पत्ता नाही.’ मुलाकडे वळून म्हणाले, ‘अन् तुला सांगितलं होतं मी.’

‘मला? कधी?’

‘तेव्हाच. तू ते कानाला लावून बसला होतास. म्हटलं, तुझ्या बंदुकीत घाण होती, काढली. तू हो हो म्हणालास.’

‘मलाही तो हो होच म्हणतो,’ सून ओट्याजवळून म्हणाली.

‘ती काडी कुठे आहे?’ मी विचारलं. खरं तर मला आशा नव्हती. दीड महिना झाला होता. या देशात कचरा दर आठवड्याला जातो.

म्हातारबाबांना प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. ‘कुठे असणार? जमा आहे.’

ते देवघराकडे गेले. देवघर म्हणजे भिंतीवरचं एक कपाट. त्याच्या खालच्या खणातून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, दोऱ्याने बांधलेली एक पुडी आणली. दोऱ्याच्या गाठीवर मेणबत्तीचं मेण ओतून त्यावर अंगठा दाबलेला. आणि वर चिकटवलेलं लेबल.

मी आयुष्यात पुष्कळ लेबलं वाचली, पण त्याच्याइतकं नीट लिहिलेलं दुसरं आठवत नाही. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात होतं: ‘बारा बोअर बंदुकीच्या मॅगझिन नळीत, स्प्रिंगच्या आत मिळून आलेली पांढऱ्या प्लास्टिकची काडी, एक नग. लांबी एक वीत. खंडेनवमीस साफसफाई करताना काढून ठेवली. दुकानदारास विचारणे.’ खाली तारीख, वेळ आणि सही. त्याखाली ‘पंच १’ म्हणून सुनेची सही. ‘पंच २’ म्हणून मोठ्या जांभळ्या अक्षरांत, इंग्रजीत, सात वर्षांच्या नातीचं नाव, शेवटचं अक्षर उलटं.

‘दोन पंच लागतात,’ ते म्हणाले. ‘घरात तेवढेच मोकळे होते.’

आपल्याकडे पोलीस एखादी वस्तू ताब्यात घेतात तेव्हा ती दोन पंचांसमोर गुंडाळून, लाखेने सील करून, त्यांच्या सह्यांचं लेबल लावून ठेवतात. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेल्या माणसाला, मुलाच्या घरी, सुट्टीवर असताना, एका बंदुकीत अनोळखी वस्तू सापडली. ती फेकून द्यावी हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

जोडीदाराने लेबलवर काय आहे ते विचारलं. मी दुभाषी नव्हते, म्हणून फक्त म्हटलं, ‘ऑफिसमध्ये कळेल. पण आपल्याला हवं ते सगळं आहे.’ त्याने पुडी उजेडात धरून मेणावरचा अंगठा पाहिला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘हा माणूस आपल्या खात्यात हवा होता.’

त्यानंतर मी म्हातारबाबांना ती काडी कशासाठी असते ते सांगितलं. तीन काडतुसांचा नियम, थवा, मध्ये मिळणारा वेळ. ते लक्ष देऊन ऐकत होते. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्या हाताने मुलाला गोत्यात घातलं आहे. ते खुर्चीवर बसले. हात मांडीवर ठेवले.

‘म्हणजे हा कचरा नव्हता.’

‘नाही.’

‘आम्ही जन्मभर बंदूक अडू नये म्हणून खपलो, मॅडम. मुद्दाम अडवायला काडी घालतात हे मी कुठे ऐकलं नव्हतं. तेही कोणासाठी, तर पक्ष्यांसाठी.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘मी तिलाही हळदकुंकू लावलं होतं. बंदुकीतून निघाली म्हणून. मग ते तरी बरोबर झालं.’

मग उठून उभे राहिले. ‘चूक माझी. माझा जबाब घ्या. पोराचं नाव यात कशाला?’

‘बाबा!’

‘तू थांब. तू आधी ऐकायला शीक.’

मी त्यांना सांगितलं, की नाव मुलाचंच येईल. शिकारीला जाताना आपली बंदूक तपासायची जबाबदारी तिच्या मालकाची. त्याने मोजलं नाही, ही त्याची चूक. पण ती चूकच, लबाडी नव्हे, हे आता मी लिहू शकते. आणि तुमचा जबाबही जसाच्या तसा जोडते. म्हातारबाबांनी मान डोलावली. अधिकाऱ्याशी बोलावं तसं बोलले, ‘बरोबर आहे. असंच पाहिजे.’

मी पुडी ताब्यात घेतली आणि निघाले तर त्यांनी दारात हात आडवा धरला.

‘पावती, मॅडम?’

मी गाडीतून पुस्तक आणून पावती फाडून दिली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली, वस्तूच्या रकान्यात मी ‘एक’ लिहायला विसरले होते ते दाखवलं, माझ्याकडून लिहून घेतलं आणि मगच हात खाली केला.

वॉर्निंग देऊन सोडणं माझ्या हातात होतं. मी सोडलं नाही, चलानच केलं. चार उडवल्याचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि दुसऱ्या कोणाला मी त्यासाठी सोडलं नसतं. पण अहवालात सप्टेंबरची नोंद, रद्द केलेलं पान, उडालेली स्प्रिंग, लेबल आणि त्याचं भाषांतर, सगळं क्रमाने घातलं. म्हातारबाबांनी बंदूक खोलल्याचंही लपवलं नाही. सरकारी वकिलांनी ते वाचून सांगितलं, की मालक घरात असताना, त्याच्याच संमतीने, पूजेसाठी बंदूक पुसणाऱ्या पाहुण्याविरुद्ध काही करण्यासारखं त्यांना दिसत नाही. म्हातारबाबा ठरल्या तारखेला, ठरल्या विमानाने परत गेले. कोर्टाने मुलाला शिकाऱ्यांच्या सुरक्षा वर्गाला बसायला लावलं आणि केस बंद केली. नागरिकत्वाच्या मुलाखतीत त्याने चलान झाल्याचं स्वतःहून सांगितलं आणि अहवालाची प्रत समोर ठेवली. शपथविधी थोडा लांबला, पण झाला. हे त्याने मला ईमेलने कळवलं. वर ‘डिअर ऑफिसर’ आणि शेवटी ‘ताई, थँक यू’.

खरं तर थँक यू मी म्हणायला हवं होतं. नकार खोटा असू शकतो हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. होकारही खोटा असू शकतो, आणि तो जास्त घातक, कारण तो तपासायची कोणाला इच्छा नसते. माणूस स्वतःच्या तोट्याचं बोलला की आपण ते खरं धरतो. आपल्या माणसांत तर कोणासाठी तरी गुन्हा अंगावर घेणं अवघड मानतच नाहीत. हे मला घरातूनच माहीत असायला हवं होतं. पण गणवेश घातल्यावर मी ते बाजूला ठेवलं होतं, आणि निःपक्षपाती राहायचं म्हणजे तसंच करायचं, अशी माझी समजूत होती. जोडीदाराने एक प्रश्न विचारला नसता आणि म्हातारबाबांनी एक लेबल लिहिलं नसतं, तर माझ्या त्या तीन ओळी आजही कुठल्यातरी फाइलमध्ये खऱ्या म्हणून पडून असत्या.

त्यानंतर कोणतीही वस्तू ताब्यात घेतली की मी जागेवरच लेबल लिहायला लागले, दोन सह्यांसकट. आमच्या नियमात दुसरी सही लागत नाही. नवे अधिकारी हसायचे. हसू दे. जोडीदार त्या वर्षाअखेर निवृत्त झाला. निरोपाला मी त्याचे आभार मानायला गेले तर म्हणाला, ‘कशाबद्दल?’ मी सांगितलं. ‘मी फक्त स्प्रिंगबद्दल म्हटलं होतं,’ असं म्हणून तो केक खायला निघून गेला.

पुढच्या सप्टेंबरात हंगामाच्या पहिल्या सकाळी मी त्याच कालव्यावर होते, आता एकटी. लसूणघासाकडे पाठ केली. थवा गेला. एक. दोन. तीन. मी चौथ्याची वाट पाहिली. मागे फक्त पंखांचा आवाज होता, मग तोही राहिला नाही.

बांधावर तोच होता. बूट आता चांगले मळलेले. मला पाहून त्याने न सांगता बंदूक उघडून पुढे केली.

‘मी मोजतो आता, ताई. काडी असली तरी.’ खिशातला फोन दाखवत म्हणाला, ‘बाबांचा मेसेज होता सकाळी. काडी तपासली का, एवढंच. हो म्हटलं, तर म्हणाले, फोटो पाठव.’

मी मराठीतच म्हटलं, ‘बघू.’ पहिलं काडतूस सारलं. दुसरं सारलं. मग तिसरं अंगठ्याने दाबून पाहिलं, जरा जोरानेच.

ते आत गेलं नाही.